ब्रेकचे दोन झटके

९ मार्च, शनिवार. ऊन कडक. दोन चादरी आणि उशांचे चार अभ्रे धुतले. भाऊ पाच चाळीसला कामावर गेला, साडेदहाला परत. चहा ओतताना कपाबाहेर गेला, ओटा पुसला. त्याचा एक मोजा काळा, एक निळा होता. उद्या त्याच्या गाडीत एक जागा रिकामी आहे. मला म्हणाला, चल. मी हो म्हटलं.

बहात्तराव्या वर्षीही ताईंचं अक्षर शाळेतल्यासारखंच होतं, टपोरं आणि ओळ न सोडणारं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी अकराव्या वर्षी हातात पहिली डायरी दिली तेव्हाच बजावलं होतं, की जे घडलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. ताईंनी तो नियम नवरा गेला त्या दिवशीसुद्धा मोडला नव्हता. त्या तारखेखाली वेळ, दवाखान्याचं नाव आणि 'दूध परत पाठवलं' एवढंच होतं.

नवरा गेल्यावर त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या, त्याला आता अकरा वर्षं झाली. भाऊ त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, बिनलग्नाचा. "पहाटे चारला उठून बूट घालणारा नवरा कोणाला हवाय?" असं तोच हसत हसत सांगायचा. जंगल बघायला येणाऱ्या लोकांना उघड्या जीपमधून फिरवणं, हे त्याचं पस्तीस वर्षांचं काम. गेटवर त्याला नावानं कोणी ओळखत नसे. सगळे दुर्बीण म्हणत, कारण बाकीचे गाइड गळ्यात दुर्बीण अडकवून जे शोधत ते याला नुसत्या डोळ्यांनी आधी दिसायचं. गवतातून वर आलेलं कानाचं टोक, फांदीवरून लोंबणारी शेपटी. ताईंना त्याचं नवल नव्हतं. पाच वर्षांचा असताना त्यानं त्यांच्या कुड्याची फिरकी वाळूच्या ढिगातून काढून दिली होती, तीही उभ्या उभ्या.

तरी अकरा वर्षांत त्या एकदाही त्याच्याबरोबर जंगलात गेल्या नव्हत्या. "झुरळ दिसलं तरी तू खुर्चीवर चढतेस," तो चिडवायचा, "बिबट्या दिसला तर कुठे चढशील?"

रविवारी पहाटे गेटवर गाडी उभी होती. ड्रायव्हर एकोणीस वर्षं भावाबरोबर होता. मिशीमुळे सगळे त्याला मिशीच म्हणत. मागच्या बाकावर नवं लग्न झालेलं जोडपं आणि त्यांच्याशेजारी बाटलीएवढ्या भिंगाचा कॅमेरा मांडीवर घेतलेले एक गृहस्थ. ताई मधल्या बाकावर, भावाच्या बरोबर मागे बसल्या. भाऊ पुढे, मिशीच्या शेजारी.

"नियम एकच," भाऊ पाहुण्यांना म्हणाला. "मी हात वर केला की तोंडं बंद. माझ्या ताईचंसुद्धा, आणि ते सोपं नाही."

सगळे हसले. ताईंनी त्याच्या खांद्यावर चापट मारली.

गाडी निघाली. थोड्या वेळानं तिनं एक झटका खाल्ला आणि भाऊ म्हणाला, "डावीकडे बघा." झाडांत हरणं होती. पुढे दोन झटके बसले. "उजवीकडे, जरा खाली," भाऊ म्हणाला. रानडुकरं चिखलात लोळत होती. मग भाऊ डुकरांविषयी असा रंगून बोलायला लागला, की नवी नवरी टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

"काका," तिचा नवरा मिशीला म्हणाला, "गाडीचं सर्व्हिसिंग करून घ्या. धक्के खाऊन पाठ गेली."

"गाडी ठणठणीत आहे साहेब," मिशी म्हणाला. "रस्ता आजारी आहे."

ताईंनी घड्याळ पाहिलं. सहा बावन्न, हरणं. सात दहा, डुकरं. रात्री लिहायला लागणार होतं.

पावणेआठला भावानं एकदम हात वर केला. मिशीनं इंजिन बंद केलं. लांबून माकडाचं खाकरल्यासारखं ओरडणं ऐकू आलं, मग दुसरं, जरा जवळून. भाऊ मान तिरकी करून ऐकत होता. "ती इथेच आहे," तो पुटपुटला. "बिबट्याची मादी. पाण्यावर येऊन गेली असणार."

समोर सुकत आलेला पाणवठा होता. तिथे गाइडला माग बघण्यापुरतं खाली उतरायची मुभा होती, पाहुण्यांना नव्हती. भाऊ उतरला, दहा पावलं गेला, गुडघ्यावर बसला आणि मातीतला ठसा बोटांनी चाचपू लागला. "कडा अजून भुसभुशीत आहेत," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पलीकडे गेली. पाच मिनिटांपूर्वी."

ती पलीकडे गेली नव्हती. त्याच्या डाव्या हाताला, कमरेइतक्या उंच खडकावर ती पुढचे पाय पोटाखाली घेऊन बसली होती. दोघांत एका खाटेइतकं अंतर. पिवळ्या अंगावरचे ठिपके उन्हात लख्ख दिसत होते. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

नवरीनं नवऱ्याचं मनगट धरलं होतं. कॅमेरेवाले गृहस्थ फोटो काढायचं विसरून कुजबुजले, "काय छाती आहे! बघतसुद्धा नाही तिच्याकडे. याला म्हणतात अनुभव."

ताईंनाही क्षणभर तसंच वाटलं. मग त्यांचं लक्ष मिशीच्या पायाकडे गेलं. इंजिन बंद होतं, गाडी जागच्या जागी होती, आणि मिशीचा पाय ब्रेक दाबत होता. एकदा. सोडून परत एकदा. परत एकदा. पॅडल खालवर होत होतं, मिशीच्या कपाळावर घाम होता आणि ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

एक झटका. डावीकडे.

वर्षभराच्या डायऱ्यांची पानं कोणीतरी भराभर उलटावीत तसं झालं. ओट्यावरचा चहा. मोजे. दारातली बादली.

भावानं मघाशी हात वर केला होता. गप्प राहायचा नियम. ताईंनी तो मोडला, पण ओरडून नाही. संध्याकाळी पेपर वाचून दाखवायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "बाळा, डावीकडे खडकावर आहे ती. उठ, पण हळू. पळू नकोस."

कितीतरी वर्षांनी त्या त्याला बाळा म्हणाल्या होत्या. तो उठला. त्यानं डावीकडे मान वळवली आणि थेट तिच्याकडे पाहिलं. ताई त्याचा चेहरा बघत होत्या. त्यावर भीती आली नाही, ओळख आली नाही, काहीच आलं नाही. त्याची नजर त्या लखलखीत जनावरावरून अशी गेली जशी रिकाम्या भिंतीवरून जाते.

बिबट्याचं भय त्यापुढे काहीच नव्हतं.

"तोंड तिकडेच ठेव," त्या म्हणाल्या. "मागे ये. एक. अजून एक. दगड आहे, उजवीकडून ये. अजून चार."

तो पावलापावलानं मागे आला. हाताला गाडीचं दार लागलं तेव्हा त्यानं ते घट्ट धरलं. खडकावरची मादी उठली, आळस दिला आणि पलीकडच्या झुडपांत उतरून गेली.

मागच्या बाकावर टाळ्या पडल्या. "जन्मभर लक्षात राहील!" गृहस्थ म्हणाले. भाऊ हसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

गेटवर पाहुणे उतरून गेले. मिशी ताईंसमोर खाली मान घालून उभा राहिला.

"ताई, मी सांगणार होतो."

"कधी?"

"रोज," मिशी म्हणाला. "एक झटका डावीकडे, दोन उजवीकडे. दोन वर्षं झाली. खाली उतरू नका म्हणून हज्जारदा सांगितलं. बोटांना कळतं म्हणाले."

दोन वर्षं!

घरी आल्यावर त्यांनी डायऱ्या काढल्या आणि भावासमोर बसून वाचायला लागल्या. "चार ऑक्टोबर. दारातल्या बादलीला अडखळला. वीस नोव्हेंबर. पेपर मला वाचायला सांगतो, म्हणतो माझा आवाज चांगला आहे. अकरा जानेवारी. माझ्या चपला घालून बाहेर गेला."

"पुरे," भाऊ म्हणाला. "सगळं लिहिलंस?"

"लिहिलं. कळलं मात्र काहीच नाही. मी कसली बहीण!"

"आवाज खरंच चांगला आहे तुझा."

"विषय बदलू नकोस. डॉक्टरांना दाखवलंस?"

"काचबिंदू. कडेकडेनं सगळं गेलंय, मधे भोकाएवढं राहिलंय, तेही धुरकट. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकवायला थेंब दिलेत."

"घालतोस का?"

"घालतो की. काही डोळ्यात पडतात, काही गालावर."

ताईंना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

भाऊ पुढे झुकला. "ताई, हा मोसम जाऊ दे. गाडीतून खाली पाय ठेवणार नाही, शपथ. गेटवर कळलं तर मी कोण? पस्तीस वर्षं लोक मला एकाच नावानं हाक मारतायत."

"उद्या कोण आहे गाडीत?"

"एक कुटुंब. आजोबा, आईवडील, सहा वर्षांची मुलगी."

"ती मुलगी गाडीतून बाहेर वाकली, तर तिला मागे कोण ओढणार? मिशी ब्रेक मारणार?"

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग भावानं हात पुढे केला. "फोन दे."

त्यानं तो नाकाजवळ नेला, तिरका केला, खिडकीच्या उजेडात धरला. शेवटी परत दिला. "नंबर तू लाव."

पलीकडे गेटवरचे साहेब होते. "साहेब, मी दुर्बीण," भाऊ म्हणाला. "उद्यापासून मला गाडीवर घेऊ नका. नाही, ताप नाही. दिसत नाही."

फोनमधून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. "दुर्बिणीला दिसत नाही! अरे, आज बिबट्याशेजारी बसला होतास म्हणे. गेटवर सगळे तेच सांगतायत."

"बसलो होतो," भाऊ म्हणाला. "दिसला नाही म्हणून बसलो होतो."

हसणं थांबलं.

संध्याकाळी ताई टेबलाशी बसल्या. जे वाटलं ते एकदा तरी लिहावं म्हणून त्यांनी पेन टेकवलं, पण ते तिथेच राहिलं आणि कागदावर शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. आत भाऊ रेडिओ ऐकत होता. ताई उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन आल्या, मग परत बसून लिहिलं.

१० मार्च, रविवार. सहा बावन्न हरणं, सात दहा रानडुकरं, सात अठ्ठेचाळीस बिबट्या, मादी. साडेतीनला साहेबांना फोन. डोळ्यांत थेंब मी घातले, दोन-दोन. पांढरे कप माळ्यावर ठेवले. ओटाही पांढरा आहे. निळे चार काढून धुतले, एकाचा कान तुटका आहे.