गीझरवाली मुक्ता

मुक्ताच्या नवऱ्याचा, ललितचा, हात कामात फार चांगला होता. डहाणूपासून तलासरीपर्यंत कुणाचा गॅस गीझर बिघडला की लोक त्यालाच फोन करत. दुकानदार "हा गेला, नवा घ्या" म्हणून मोकळे व्हायचे. ललित तोच गीझर खोलून, आतला फाटलेला रबराचा पडदा बदलून, कुणालाही परवडेल अशा पैशात चालू करून द्यायचा. आणि तोच हात घरी मुक्तावर उठायचा.

यातलं बरंचसं मला पुढे तिनेच सांगितलं. त्याची शेवटची मारहाण मात्र माझ्या घराच्या मागच्या पडवीत, माझ्यासमोर घडली.

डहाणू रोड स्टेशनजवळ त्यांची एक खोली होती. ललित बिघडलेले गीझर घरी आणून टाकायचा आणि साफसफाईला मुक्ताला बसवायचा. आमच्या बोर्डीकडचं पाणी मचूळ. तांब्याच्या नळीत क्षार साचून ती आतून दगडासारखी होते. मुक्ता ती अ‍ॅसिडने धुवायची, बर्नरची भोकं तारेने मोकळी करायची, पडदा बसवायची. चुकलं की मार. कधी पट्ट्याने, कधी गॅसच्या रबरी नळीने. तिचं सगळं शिक्षण असं झालं.

२०१५ साली दिवाळीच्या आधी तिने एक पडदा उलटा बसवला. गिऱ्हाइकाच्या घरी गीझर पेटेना आणि ललितला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. घरी येऊन त्याने पाइप पाना तिच्या डाव्या कानावर हाणला. उशीभर रक्त झालं. त्या कानाने तिला परत ऐकू आलं नाही.

पुढच्या वर्षी थंडीत माझा गीझर बंद पडला. मी तेव्हा इथल्या शाळेत शिकवत होते, यजमान रेल्वेत आणि बहुतेक बाहेरगावी. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना रोज गरम पाण्याने पुसून काढावं लागे. मी ललितला फोन लावला, तर फोन मुक्ताने घेतला. तो पिऊन पडला होता.

"मी येऊ का, बाई?" तिने विचारलं. "काम मीच करते, तो फक्त लावतो."

ती बसने आली. अंगाने किरकोळ, पदर खोचलेला, खांद्यावर पाने-पक्कड भरलेली पिशवी. जेवणाच्या वेळेपर्यंत गीझर पेटला. सांध्यांना साबणाचा फेस लावून गॅस कुठे गळत नाही ना हे तिने मला बघायला लावलं. मी शाळेतल्या इतर बायकांना तिचा नंबर दिला, आणि बोर्डी-घोलवडची कामं तिच्याकडे यायला लागली. ललित पडलेला असला की ती गुपचूप जाऊन यायची.

एका गिऱ्हाइकाने ललितसमोरच सांगितलं, "तुझ्यापेक्षा तुझी बायको बरी, वेळेवर येते." त्या दिवशी त्याने पेटता बर्नर जमिनीवर ठेवला आणि तिचा उजवा तळवा त्याच्यावर दाबून धरला. शेजारच्या शुक्रीने दार तोडून तिला सोडवलं. हात बरा व्हायला पावसाळा उजाडला. मुक्ता परत त्या खोलीत गेली नाही. आशागडला आईकडे राहिली. स्वतःचे पाने घेतले आणि भाजलेल्या कातडीच्या हातानेच पुन्हा कामाला लागली.

२०१८ च्या जानेवारीत मी तिला सर्व्हिसिंगला बोलावलं. रविवार होता. गीझर भिंतीवरून काढून तिने पडवीत गोणपाटावर मांडला होता. सिलिंडर बाजूलाच, नळीचं एक टोक मोकळं. मी चहा घेऊन बाहेर आले, तेवढ्यात चिकूच्या वाडीच्या बाजूने ललित आला. हातात हेल्मेट.

"चल घरी," तो म्हणाला.

"हे पुरं करते," मुक्ता मान वर न करता म्हणाली.

"गिऱ्हाईक माझं, पाने माझे, बायको माझी. चल म्हटलं ना."

"पाने माझे आहेत. मी घेतलेत."

त्याने हेल्मेट तिच्या तोंडावर मारलं. ती मागे कोसळली. त्याने तिचे केस धरले आणि कपाळ धुण्याच्या दगडावर आपटलं, परत उचललं, परत आपटलं. मी त्याचा शर्ट ओढला, तर त्याने कोपर मारलं आणि मी भिंतीवर जाऊन आदळले. चहाची कपबशी कुठे गेली कळलं नाही. आतून सासूबाई हाका मारत होत्या.

मग तो सिलिंडरकडे वळला आणि रेग्युलेटर फिरवला. मोकळ्या नळीतून गॅस फुसफुसत बाहेर यायला लागला. त्याने खिशातून लायटर काढला.

"लई गॅसचं काम करतेस ना?" तो म्हणाला. ओरडला नाही, अगदी समजावून सांगितल्यासारखं बोलला. "आज तिघी जाल."

मुक्ताच्या कपाळाचं रक्त ओघळून डोळ्यांत गेलं होतं, तिला नीट दिसतही नसावं. तिने चाचपडत गोणपाटावरचा मोठा पाना उचलला आणि त्याच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. लायटर खाली पडला. मी सरपटत जाऊन रेग्युलेटर बंद केला.

तिथे ते संपायला हवं होतं. ललित हात पोटाशी धरून खाली बसला होता. मुक्ताने तो हात ओढून दगडावर ठेवला आणि बोटांवर पाना घातला. तो "मुक्ता, बस" म्हणत होता. ती थांबली नाही. मी तिला मागून कवळलं, तर तिने मला ढकलून दिलं आणि पुन्हा मारलं. वाडीतली माणसं धावत आली, त्यांनी तिला उचलून बाजूला केलं. दगडावर कुणाचं रक्त किती, हे सांगता आलं नसतं.

पोलीस आले. गुन्हे दोघांवर नोंदले. माझा जबाब घेतला आणि मी पाहिलं तसं सांगितलं, त्याचंही आणि तिचंही. तिच्या कपाळावर टाके पडले. त्याचा हात जुळला, पण बोटं वळेनात. पुढे आशागडला दोन्हीकडची माणसं बसली, फारकत ठरली, आणि दोघांच्या संमतीने कोर्टाने दोन्ही गुन्हे रद्द केले.

मी एकदा तिला विचारलं, "लायटर पडला होता गं. मग का?"

तिने हातातला बर्नर पुसून खाली ठेवला. "त्याचा हात मोडायचाच होता मला, बाई. रोज मनात मोडत होते. त्या दिवशी खरा मोडला." मग म्हणाली, "वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. त्या न वाटण्याचीच भीती वाटते आता."

२०१८ च्याच शेवटी तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. भिंती तडकल्या, गीझर खिळ्यांसकट खाली आले, सांधे ढिले झाले. लोक भीतीने गॅसला हात लावेनात. मुक्ताने जुनी स्कूटर घेतली होती. ती घरोघर जायची, पडलेला गीझर ठोकून सरळ करायची. जिथे नव्याची गरज नाही तिथे नवा घेऊ द्यायची नाही. जमीन हलली की लोक अंगणात पळायचे, ही मात्र आधी गॅस बंद करून मग बाहेर यायची. काम करताना ती कायम दाराकडे तोंड करून बसे. पाठीमागे कुणी आलेलं तिला चालत नसे.

२०१९ च्या उन्हाळ्यात चारोटीला हायवेवरच्या एका ढाब्याने तिला पाण्याच्या हीटरसाठी बोलावलं. मागच्या बाजूला ललित ताटं विसळत होता, डाव्या हाताने. दोघांनी एकमेकांना पाहिलं.

"बरी आहेस?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

तिने हीटर खोलला, काम पुरं केलं, साबण लावून सांधे तपासले. तेवढा वेळ तो तिथेच पाठ करून ताटं विसळत होता. बाहेर आल्यावर तिने स्कूटर सुरू न करता हायवेपर्यंत ढकलत नेली. तिथे रस्त्याकडेला ढाब्याकडे तोंड करून बसून राहिली आणि ऊन उतरल्यावर घरी गेली.

त्या ढाब्याचा पुढेही फोन येत राहिला. मुक्ता तिथे पुन्हा गेली नाही.