तिथं कोण आहे तुमचं?

शेजारचे काका स्कूटर बंद न करता, एक पाय आमच्या फाटकाच्या पायरीवर टेकवून बोलतात. "निघतोच," म्हणतात आणि अर्धा तास थांबतात.

पोरं मोठी झाल्यावर पहिल्यांदाच आम्ही दोघंच चार दिवस बुडापेस्टला जाणार होतो. नदीकाठी बायकोचा हात धरायची मी मनात तालीमही केली होती.

काकांनी विचारलं, "तिथं कोण आहे तुमचं?"

"कोणीच नाही."

"मंग कायले जाऊन राह्यले, भाऊ?"

आठवडाभर ते अस्वस्थ होते. काल मात्र स्कूटर बंद करून चक्क घरात येऊन बसले.

"भेटला एक. आपल्या ढाणकीचा, साडूचा भाचा. तिथंच नोकरीले आहे. चार दिवसांची सुट्टी टाकली त्यानं. काळजी करू नका, एक मिनिट एकटं नाही सोडणार तो तुमाले."