इंजिनाला राख फासणारे मिस्त्री

"आधी खाली बघा, आप्पा. वरून समदंच चांगलं दिसतंय."

असं म्हणत मिस्त्री उकिडवे बसायचे, मान तिरकी करायचे आणि समोर जे काही असेल त्याच्या बुडाखाली बघायचे. मोटार असो, रांजण असो, नाहीतर आमच्या दुकानातला करडईच्या तेलाचा डबा असो. शिरूर अनंतपाळचे आमचे मामा एकदा दुपारी खाटेवर पडले होते, तर यांनी खाटेखालीही डोकावून बघितलं. मामा खवळून उठले. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तांब्या कलंडलाय, मालक. पानी तुमच्या पटक्यापातुर आलंय." दुसऱ्याच्या घरातली गळती शोधणारी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आमच्या मिस्त्रींचा मात्र तो धंदाच होता.

लातुरात आमचं तेलाचं दुकान होतं आणि समोर आडतवाल्या शेठचा मोटारखाना. लढाई संपली होती, निजामाचं राज्य अजून होतं, आणि पेट्रोल परवान्याशिवाय मिळत नव्हतं. त्यामुळे शेठची मोटार चालायची कमी आणि उभी जास्त. शेठनं ती नांदेडहून आणली तेव्हा तिच्याबरोबर मिस्त्रीही आले, आंदणात आल्यासारखे. मूळचे इस्लापूरकडचे. बायको तापानं गेलेली, मूलबाळ नाही. मोटारखान्यातच गोणपाट अंथरून झोपायचे, मोटारीच्या शेजारी. कुणी विचारलं, "मिस्त्री, घरी कोण असतं?" तर हनुवटीनं मोटारीकडं दाखवायचे आणि म्हणायचे, "हाय की." आम्ही फिदीफिदी हसायचो. आता हसू येत नाही.

त्यांच्याकडं एक जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली होती. संध्याकाळी ती इंजिनाखाली ठेवायची आणि सकाळी बघायची. थेंब दिसला की बोटावर घ्यायचा, वास घ्यायचा, आणि मग रस्ता ओलांडून मला सांगायला यायचं. "आप्पा, कालच्यापरीस कमी हाय."

"मला काय सांगता? मी काय इंजिनाचा सोयरा आहे?" मी तागडी धरून वैतागायचो.

"मंग कुनाला सांगू?"

हे ते रडक्या सुरात नाही म्हणायचे. खरंच विचारायचे. मग मी गुपचूप पोत्यावर सरकून त्यांना जागा करून द्यायचो.

गळती हुडकायची त्यांची तऱ्हा मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. इंजिन फडक्यानं कोरडं पुसायचं, मग गोवरीची चाळलेली राख बोटांनी सांध्यावर फासायची आणि इंजिन सुरू करायचं. तेल जिथून पाझरेल तिथं राख काळी पडते. आमचे वडील लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारे आणि रोज कपाळाला भस्म लावणारे. त्यांनी हे पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाले, "वा रे वा! म्हणजे तुझं इंजिनपण आमच्यातलंच की." मिस्त्रींनी हात जोडले. "तसं म्हना, मोठे आप्पा. लिंगाचं तेवढं राहिलंय." वडील दिवसभर आठवून आठवून हसत होते.

इंजिनाच्या माथ्यावर पत्र्याचं एक झाकण असतं. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाची पट्टी, तिला पॅकिंग म्हणायचं. ही पट्टी वाळली की तेल गळायला लागतं. नवी पट्टी घालायची म्हटलं की मिस्त्रींचं ठरलेलं पुराण सुरू व्हायचं. "जुनं खरवडल्याबिगर नवं बसत न्हाई. आन् लई आवळू नका. आवळलं की पत्रा वाकतो, पत्रा वाकला की गळतंय." माझ्या आईनं लोणच्याच्या बरणीला फडकं करकचून बांधलं, तर तिलाही हेच ऐकवलं. आई म्हणाली, "आन् मुंग्या झाल्या की तुम्ही वेचायला येणार का?"

पुढं शेठचा कापसाचा धंदा बसला आणि त्यांनी मोटार विकायला काढली. नांदेडचा एक कंत्राटदार बघायला आला. मोटार त्याला पसंत पडली, पण झाकणाच्या कडेनं तेलाचा ओघळ होता. तो म्हणाला, "तेवढं बंद करून द्या, मग नेतो." शेठनं मिस्त्रींनाही बरोबर न्यायचं नाव काढलं, तर म्हणाला, "माणूस नको. माझा ड्रायव्हर आहे, तो सगळं बघतो."

मिस्त्री तिथंच हातात फडकं घेऊन उभे होते.

त्यांनी नवं पॅकिंग घातलं. गळलं. काढून पुन्हा घातलं. पुन्हा गळलं. बाजारात बोलणं सुरू झालं, मिस्त्रीचा हात गेला म्हणून. मला ते पटेना. दुपारी दुकानाला गिऱ्हाईक नसताना मी मोटारखान्यात गेलो. झाकण काढून ठेवलेलं होतं. त्याच्या कडेला जुन्या पॅकिंगची खपली तशीच चिकटलेली, आणि तिच्यावरच नवी पट्टी बसवलेली.

"मिस्त्री, हे खरवडलं नाही?"

त्यांनी हनुवटीनं मोटारीकडं दाखवलं. मग म्हणाले, "खरवडलं तर जाईल ना ती."

गावात एवढी माणसं, आणि या माणसाला सोबत म्हणून एक गळकी मोटार हवी होती! मी शेठला काही सांगितलं नाही. सांगायचा प्रश्नच नव्हता.

काही दिवसांनी कंत्राटदार आपल्या ड्रायव्हरला घेऊन आला. ड्रायव्हर दांडगा माणूस. झाकण बघून म्हणाला, "अहो, हे तर ढिलं हाय!" आणि पान्याला नळी अडकवून त्यानं नट असे आवळले की पत्रा करकरला. झाकणाची कड वर आली. इंजिन सुरू केल्यावर तेल भळाभळा वाहून धुराच्या गरम नळावर पडलं आणि मोटारखाना धुरानं भरला. कंत्राटदार खोकत बाहेर आला. "नको बुवा मला ही ब्याद."

मी मिस्त्रींकडं बघितलं. मनात म्हटलं, सुटला बिचारा.

पण शेठ भडकले होते. "बस्स झालं! उद्याच मोडीत काढतो. पत्र्याच्या भावानं जाऊ दे, पण माझ्या डोळ्यासमोरून जाऊ दे."

शेठ बोलून गप्प होणाऱ्यातले नव्हते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रींनाही. त्यांनी धुरातून पुढं होऊन मोटारीचं बटन बंद केलं. "थांबा, मालक," ते कंत्राटदाराला म्हणाले. "जेवून या. तवर करून ठिवतो."

मी दुकान वडिलांवर सोडून तिथंच बसलो. त्यांनी झाकण काढलं, बोथट सुरीनं जुनी खपली कणाकणानं खरवडली. वाकलेली कड लाकडी ठोकळ्यावर धरून लाकडानंच हलके हलके ठोकून सपाट केली. बुचाची पट्टी स्पिरिटात विरघळवलेल्या चपडी लाखेनं झाकणाला चिकटवली आणि वाळेपर्यंत वर तळहात ठेवून बसून राहिले. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. नट नुसत्या बोटांनी बसवले, मग पान्यानं जरासं इकडं, जरासं तिकडं. शेवटी राख फासली आणि इंजिन सुरू केलं.

आम्ही दोघं त्या राखेकडं बघत राहिलो. खरं सांगतो, मी मनातल्या मनात म्हणत होतो की महादेवा, कुठंतरी काळी पडू दे.

राख पांढरीच राहिली. मिस्त्रींनी बोट फिरवलं आणि मला दाखवलं. कोरडं होतं.

"झालं, आप्पा," ते म्हणाले.

मोटार त्याच दिवशी गेली, माथ्यावर राख तशीच. निघताना मिस्त्रींनी राखेची पुरचुंडी ड्रायव्हरच्या हातात दिली. "आवळू नगंस बाबा तिला लई." ड्रायव्हरनं ती सीटखाली टाकली आणि हॉर्न वाजवला. मोटारीबरोबर आलेला माणूस मोटारीबरोबर गेला नाही. रस्त्याच्या कडेला उभा राहून धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिला.

शेठ वाईट नव्हते. म्हणाले, "आडतीत राहा, पोती सांभाळ." मिस्त्री हसून म्हणाले, "पोत्याखाली काय बघू, मालक?" पण राहिले. रोज सकाळी सवयीनं रिकाम्या मोटारखान्यात जायचे, तेलाच्या डागापाशी उकिडवे बसायचे आणि उठायचे. मला सांगायला काही उरलं नव्हतं, तरी रस्ता ओलांडून यायचे. मी पोत्यावर सरकायचो. जाता जाता फक्त एवढंच म्हणायचे, "तुमचा डबा गळतोय, आप्पा."

"नाही हो गळत," मी म्हणायचो. "पुसलेलं फडकं ठेवतो मी तिथं, त्याचं तेल आहे ते."

मग एके दिवशी मी दुकान उघडलं आणि ते आलेच नाहीत. मोटारखान्यात गोणपाट घडी करून ठेवलेलं होतं. कुणी म्हणालं नांदेडच्या वाटेला दिसले, कुणी म्हणालं इस्लापूरला गेले असतील. इस्लापुरात तरी त्यांचं कोण होतं?

दुपारी गिऱ्हाइकाला तेल द्यायला वाकलो, तर डबा थोडा सरकलेला वाटला. आदल्या संध्याकाळी माझी पाठ असताना कधीतरी सरकवला असावा. मी उकिडवा बसलो, मान तिरकी केली आणि खाली बघितलं. डब्याखाली जर्मनची ताटली होती, घासूनपुसून लख्ख केलेली. तिच्या मधोमध तेलाचा एक थेंब होता. मी तो बोटावर घेतला आणि सांगायला म्हणून रस्त्यापलीकडं बघितलं.