पेनाच्या तोंडाशी राहिलेली फट

रिसोडच्या दुकानदाराने माझे पेन गादीवर ओतले, एक उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "हे पाहा. टोपन लावलं तरी नख जाऊन राह्यलं मंधात."

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मंगरूळपीरला लाकूड कातायची स्वतःची खराद टाकून मला जेमतेम तीन महिने झाले होते. शिसवाच्या पन्नास शाईपेनांची ही पहिली मोठी ऑर्डर. ती गेली असती तर दुकानाला कुलूप लावून जुन्या उस्तादाकडे पुन्हा मजूर म्हणून उभं राहावं लागलं असतं. मी अर्धा तास आवाज चढवून भांडलो. लाकूड आहे, हवेने हलतं, असंही सांगून पाहिलं.

"भांडन्यात तुमाले कोनी हरवनार नाही," तो म्हणाला. "पन भांडून फट बुजत नाही ना. आठ दिवस देतो."

एसटीने परत आलो. आत पितळी नळी चिकटवलेले, पण न कातलेले उरलेले तुकडे काढले आणि एकेकाला गुण्या लावून पाहिला. प्रत्येकाचं टोक बाजूशी बरोबर काटकोनात. मग फट येते कुठून? दोन दिवस घासून घासून हात सोलले, पण कारण सापडेना. शेवटी तुकडे आणि गुण्या घेऊन दर्ग्याच्या गल्लीत उस्तादाकडे गेलो. लाटण्यांपासून पेनांपर्यंत सगळं कातणाऱ्या त्या माणसाकडे सहा वर्षं काढली होती आणि ही एक गोष्ट त्याने मला दाखवली नव्हती. तो राग घेऊनच गेलो.

त्याने गुण्या पाहिला आणि हसला. "अबे, बाजू कायले पाहतं? बाजू तं कातून फेकून देतं तू. राहते ते नळी."

भोक पाडताना गिरमिट लाकडात थोडं वाकडं जातंच. त्यामुळे आत चिकटवलेली पितळी नळीही तिरकी बसते. टोक काटकोनात हवं ते नळीशी. त्याने खरादीच्या एका टोकाला पॉलिशपेपर चिकटवलेली लाकडी तबकडी लावली, समोरच्या टोकाला नळीत चपखल बसणारी सळई. तुकडा सळईवर ओवून फिरत्या तबकडीला हलकेच टेकवला. पितळ चमकलं तसा थांबला. दोन मिनिटांचं काम.

"सहा वर्षांत काहून नाही दाखवलं, उस्ताद?"

"तू गल्ल्यावर राहे. तुह्या तोंडानं माल खपे. तुले आत बसवलं असतं तं बाहेर कोन बोललं असतं?"

हे तो लाजत सांगत नव्हता, हेच मला जास्त लागलं.

तबकडी आणि सळई न्यायला त्याची अट एकच होती. दर बाजाराच्या दिवशी मी त्याच्या गल्ल्यावर बसायचं. "तू गेल्यापासून गिऱ्हाईक मले लुटून राह्यलं."

आठातले दोन दिवस गेलेच होते. मी हो म्हणालो.

पन्नास पेन नव्याने कातले. रिसोडवाल्याने प्रत्येकावर नख फिरवलं आणि सगळे ठेवून घेतले. दुकान वाचलं. पण पुढे कितीतरी वर्षं, आठवड्यातल्या सगळ्यात चांगल्या धंद्याच्या दिवशी माझ्या दुकानाला कुलूप असायचं, आणि मी दुसऱ्याच्या लाटण्यांसाठी बायाबापड्यांशी घसा कोरडा करत बसलेला असायचो.