मोटरवाल्यानं शोधलेला फॉल्ट

मोटरवाल्याची एक खोड होती. जळकी मोटर दुरुस्तीला आली की उघडण्याआधी तो फॉल्ट काय असेल ते चिटोऱ्यावर लिहायचा आणि मगच पाना हातात घ्यायचा. अंदाज चुकला तर चिठ्ठी फाडायची नाही, तिच्याखाली खरं कारण लिहायचं. चुकलेल्या चिठ्ठ्यांचा घोसच भिंतीवर लटकलेला. गिऱ्हाईक हसलं की म्हणायचा, "हसा. थापा मारून मोटर फिरत नाही."

माणूस देवाचा. हात जोडल्याशिवाय शटर उचलायचा नाही.

बायकोला फिट्स यायच्या. प्रार्थनामंडळाच्या गुरुजींनी विचारलं, "विश्वास कुणावर, गोळ्यांवर की देवावर?" गोळ्या बंद झाल्या आणि अडीच महिन्यांत बाई गेली. वर गुरुजी भर सभेत म्हणाले, "घरात श्रद्धा कमी पडली." तेव्हापासून मोटरवाला दातओठ खात होता. शेदोनशे माणसांपुढं त्या माणसाची सालटी काढायची, एवढंच डोक्यात.

मंडळाच्या पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी मेहुणी दुकानात आली. बाई जिभेची तिखट.

"दाजी, उद्या काय बोलणार?"

"तू मारलंस तिला, असं तोंडावर बोलणार."

"मग लिहा की चिठ्ठी."

त्यानं लिहिलं : गुरुजी.

"आता उघडून बघा. मोटरींना एवढा कायदा, अन् माझ्या ताईला नुसता अंदाज?"

"तू कुणाच्या बाजूची गं?"

"ताईच्या. तिनं गोळ्या सोडल्या नव्हत्या, दाजी. मला फोनवर रडत म्हणाली, डबी सापडत नाही."

डबी मोटरवाल्यानंच भंगाराच्या पेटीत दडवली होती. बायको गोळ्यांविना बरी झालेली त्याला चारचौघांत मिरवायची होती.

त्यानं चिठ्ठीवर 'गुरुजी'च्या खाली लिहिलं : मी. मग म्हणाला, "म्हणजे त्याला सोडून देऊ?"

"सोडता कशाला? पण तुम्ही लपलात तर तो तुमच्याच पाठीमागं लपेल."

दुसऱ्या दिवशी सभेत तो उभा राहिला. "माझ्या बायकोची डबी मी दडवली. तिला मी मारलं."

गुरुजींच्या चेहऱ्यावर सुटल्याची कळा आली. "पश्चात्ताप झाला, देव क्षमा करील..."

"थांबा, माझं संपलं नाही. दडवायला हात धजत नव्हता म्हणून मी तुमच्याकडं आलो होतो. तुम्ही म्हणालात, खुशाल दडव, पाप माझ्या माथी. म्हणालात का नाही?"

गुरुजींनी डोळे मिटले. "आपण सगळे प्रार्थना करू."

"करू की. मीही करतो. पण आधी उत्तर द्या. देव ऐकतोय असं मी मानतो. तुम्ही मानता का?"

मागच्या रांगेतून एक बाई उठली. "गुरुजी, माझ्या मालकांची इंजेक्शनं तुम्हीच बंद करायला लावलीत ना?"

मोटरवाल्याला लाज वाटत होती. पण गुरुजींची सालटी निघताना बघून त्याहून जास्त गोड वाटत होतं, आणि तेही त्यानं स्वतःपासून लपवलं नाही. तो खाली बसला नाही. गुरुजींच्या तोंडाकडं बघत उभाच राहिला.