खुळखुळणारी बाटली

एचआयव्हीच्या फुकट गोळ्या घ्यायला मी आणि एक तरुण बाई दर महिन्याला सरकारी दवाखान्याच्या रांगेत भेटायचो. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, अंगात नुसती हाडं. बाटली हातात पडली की ती लगेच आत कापूस कोंबायची.

"वाजली तर सासूला कळंल, आजी. घराबाहेर काढंल."

"आणि मेलीस तर ठेवून घेईल?"

त्या गोळ्यांनी तेव्हा स्वप्नं फार पडायची. माझ्या स्वप्नात तिचा कापूस इंद्रायणीवर धुक्यासारखा तरंगायचा.

परवा, बऱ्याच वर्षांनी, चाकणच्या कांदाबाजारात भरल्या अंगाची एक बाई हसली. डोळ्यांवरून ओळखलं. तिच्या पिशवीत बाटली खुळखुळत होती.

"कापूस कुठंय?"

"सासूनंच काढला. रोज माझ्यापुढं बाटली खुळखुळवती, घेतलीस का गं म्हणून."