ध्यान मोडलं नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: त्या सकाळी मी ध्यानात नव्हतोच.

आमच्यात गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर नजर लावून बसतात. ते झाल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत. तिशीत मी याचं मोठं प्रस्थ केलं होतं. गिरणीच्या पहिल्या भोंग्याला उठायचं, गार पाण्याने अंघोळ, कांदा-लसूण वर्ज्य. आणि मी बसलो की घरात भांड्याला भांडं लागता कामा नये. पोरं कुजबुजली तरी आई दटावायची, "गप की रं! ध्यानाला बसलाय त्यो." बायको मात्र आपली पूजा कामाच्या धबडग्यात जमेल तेव्हा करायची.

"शिस्त नाही तर ध्यान कसलं?" मी म्हणायचो.

ती हसायची. "व्हय की. तुमची शिस्त सांभाळून उरंल तेवढंच माझं."

त्या दिवशी नजर लिंगावर होती आणि मन माझ्या कापडाच्या दुकानात. समोरच्या दुकानदाराने माझं जुनं गिऱ्हाईक फोडलं होतं. त्याला काय सुनवायचं ते घोळवत होतो. स्वयंपाकघरात पातेलं पडलं. मला स्पष्ट ऐकू आलं. मागोमाग दाबलेला हुंदका, तोही ऐकू आला. उठलो असतो तर ध्यान लागलंच नव्हतं हे घरभर कळलं असतं. मी बसून राहिलो.

वेळ भरल्यावर आत गेलो. भाकरीच्या पिठात घालायचं उकळतं पाणी तिच्या डाव्या हातावर सांडलं होतं. तळव्याची कातडी सुटून लोंबत होती. ओरडू नये म्हणून तिने पदर दातांत धरला होता, तो अजून तसाच. तो सोडून तिने विचारलं,

"ध्यान मोडलं न्हाय न्हवं तुमचं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

पूजा व्हायची राहिली म्हणून ती दुपारपर्यंत उपाशी. आई म्हणाली, "आजच्या दिवस खा गं, देव काय रागावतोय?" तिने ऐकलं नाही. चुलीपाशीच, पारोशी, पोरांच्या रडारडीत तिने उजव्या तळहातावर लिंग घेतलं. तिची नजर हलली नाही. मी बघत होतो. मला तसं ध्यान कधीच लागलं नव्हतं.

हात बरा झाला, बोटं आखडली ती आखडलीच. आता लोक मला विचारायला येतात, ध्यानाला शिस्त लागते का? मी तोंड उघडायच्या आत तीच कौतुकाने सांगते, "माझा हात भाजला तरी ह्यांना ऐकू गेलं न्हाय."

मला ऐकू गेलं होतं. हे तिला सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.